तार तिरकी, खोली खोटी

मिशिगन सरोवरात १९६६ पासून सोडलेला कोहो सामन उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी खोल उतरतो. चालत्या बोटीमागचं आमिष तिथवर नेतो डाउनरिगर. पोलादी तार, तिच्या टोकाला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा आणि गळाची दोरी धरणारा चिमटा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि झुंज फक्त गळाशी उरते. किती सुंदर युक्ती!

गळ रिकामाच येतोय? आधी तारेकडे पाहा. पाण्याचा रेटा गोळ्याला मागे ढकलतो. सोडलेल्या तारेची मोजणी १०० फूट दाखवते, पण तार उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली असेल तर गोळा जेमतेम ८७ फुटांवर असतो. थंड थर खालीच राहतो. बोटीचा वेग कमी करा किंवा गोळा जड लावा. चिमटा फार घट्ट असेल तर लहान मासा नुसताच फरफटत येतो.