बॅटरी पूर्ण उतरवावी का?

मघाशी मागून कोणी विचारलं, बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची ना? हा सल्ला खोटा नव्हता. तो निकेल-कॅडमियमचा होता. लिथियम-आयन 1991 साली बाजारात आली, सल्ला मात्र तोच राहिला. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मीही तो वर्षानुवर्षं पाळला, बरं का! लिथियमला रिकामं होणं सोसत नाही. सेल अगदी उतरून तसाच पडून राहिला, तर आतलं तांबं विरघळू लागतं. मग चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका. म्हणून 20-30 टक्क्यांवरच लावा. महिनोन्‌महिने वापरणार नसाल, तर अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत नको. आणि फुगलेला पॅक? तो चार्जिंगला लावायचा नाही, टोचायचाही नाही.