अभिक्रिया आणि ऊर्ध्वपातन : एकाच मनोऱ्यात

उसाची मळी, मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलापासून इथिल ॲसिटेट, हा प्रवास आपल्याकडे नवा नाही. कोपरगावजवळ साकरवाडीला आणि महाडला हे विद्रावक तयार होते. परीक्षानळीत त्याचा फळासारखा वास आपण घेतलेला आहेच. अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल, दोन थेंब सल्फ्युरिक आम्ल, की झाले! कारखान्याची अडचण मात्र तेथूनच सुरू होते.

ही अभिक्रिया अर्धवट थांबते. बर्थलो व सँ-जिल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८६२ साली या समतोलाचा अभ्यास केला. दोन्ही द्रव्यांचा एकेक ग्रॅमरेणू घेतला, तर सुमारे दोन-तृतीयांशाचेच एस्टर होते. उरलेली खिचडी निवडण्यासाठी एकामागून एक मनोरे लागतात आणि प्रत्येकाच्या तळाशी वाफ खर्च होते.

मग अभिक्रियाच मनोऱ्यात घडविली तर? तयार झालेले पदार्थ लगेच बाहेर निघतात, समतोल साधतच नाही, आणि ल शातेल्ये यांच्या तत्त्वानुसार अभिक्रिया पुढे सरकत राहते. अमेरिकेतील ईस्टमन कंपनीने मिथिल ॲसिटेटसाठी हेच केले. त्याचे पेटंट १९८४ चे. ॲसेटिक आम्ल (उत्कलनांक ११८° से.) वरच्या भागात सोडतात, मिथेनॉल (६५°) खालच्या भागात. आम्ल खाली उतरते, मिथेनॉलची वाफ वर चढते, वाटेत दोघांची गाठ पडते. माथ्यावरून एस्टर (५७°) निघते, तळातून पाणी. गंमत म्हणजे एस्टरला चिकटून वर येणारे पाणी व मिथेनॉल वरून उतरणारे आम्लच धुऊन नेते. एका अभिक्रियापात्राचे आणि नऊ मनोऱ्यांचे काम एका मनोऱ्यात आले, आणि ऊर्जेचा खर्च सुमारे एक-पंचमांशावर.

अभिक्रियेच्या उष्णतेमुळे ही बचत होते, असे पुष्कळदा सांगतात. एस्टरच्या बाबतीत ते फारसे खरे नाही, कारण ती उष्णता अगदी थोडी असते. खरी बचत तेच द्रव पुन्हापुन्हा उकळणे टळल्याची आहे.

आपल्या इथिल ॲसिटेटची गोष्ट इतकी सरळ नाही. त्याचा उत्कलनांक ७७°, अल्कोहोलचा ७८°. शिवाय एस्टर, अल्कोहोल व पाणी मिळून ७०° च्या सुमारास एकत्रच उकळतात. त्यामुळे माथ्यावर शुद्ध एस्टर येत नाही. आलेले मिश्रण थंड करून पाण्याचा थर काढावा लागतो, आणि एस्टर सुकविण्यासाठी आणखी एक मनोरा उभारावाच लागतो.