टेंपर चढतो की उतरतो?

बिद्रीच्या स्टँडवर कुठल्याही मोबाईलच्या दुकानात ‘टेंपर टाका’ म्हटलं की दुकानदार निमूट काच पुसायला घेतो. गावात कुणाबद्दल ‘लई टेंपरचा माणूस हाय’ असं कानावर आलं, तर आपण त्याच्याशी जरा जपून बोलतो. आणि इंग्रजीच्या पेपरात ‘टेंपर’पुढे ‘राग’ लिहिलं तर मार्क मिळतो. त्यामुळे दहावी होईतो गैरसमज पक्का.

टेंपर म्हणजे मुळात राग नव्हेच. शब्दाच्या मुळाशी ‘टेम्पेरारे’ हे लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ बेतानं मिसळणं, आटोक्यात ठेवणं. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे चार द्रव अंगात ज्या प्रमाणात मिसळलेले, तसा माणसाचा स्वभाव, असं जुनं ग्रीक-रोमन वैद्यक मानायचं. दुसऱ्या शतकातल्या गॅलेननं ही मांडणी इतकी घट्ट बसवली की युरोपात ती हजारभर वर्षांहून जास्त टिकली. टेंपरामेंट हा शब्द त्याच घरचा. आपल्याकडे पित्त खवळतं, तिकडे पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट व्हायचा. तेव्हा टेंपर म्हणजे आधी मिश्रणाचा मेळ, मग मनाचा तोल. ‘बॅड टेंपर’ म्हणजे बिघडलेला तोल. बोलता बोलता त्यातला ‘बॅड’ गळून पडला आणि एकोणिसाव्या शतकात नुसत्या टेंपरलाही रागाचा अर्थ चिकटला.

‘लूज युवर टेंपर’पाशी पोरं अडतात ती यामुळंच. टेंपर म्हणजे राग, तर टेंपर गमावला म्हणजे राग गेला असं व्हायला हवं! शंका अगदी रास्त आहे, आणि ‘पाठ करा’ हे तिचं उत्तर नव्हे. ‘तोल गेला’ म्हणा, गाठ सुटते. ‘कीप युवर टेंपर’ म्हणजे डूख धरून बस असं नाही. डोकं ठिकाणावर ठेव. आपण ‘टेंपर लूज झाला’ म्हणतो ते नकळत बरोबर असतं. ‘टेंपर चढला’ मात्र आपली स्वतःची घडण. बोलण्यात ती खुशाल राहू द्यावी, इंग्रजी अर्जात घालू नये.

या शब्दाचा जुना आणि चोख वापर लोहाराच्या भात्यापाशी दिसतो. बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं गाव. हंगाम तोंडावर आला की कोयते शेवटायला, म्हणजे धार करून घ्यायला, निघतात. कोयता लालभडक तापवून पाण्यात बुडवला की धार कडक होते हे सगळ्यांना माहीत. पण अशी नुसती कडक धार काचेसारखी ठिसूळ असते, उसाच्या बुडख्यावर नाहीतर दगडावर बसली की तिचा टवका उडतो. म्हणून जाणता लोहार अख्खा कोयता बुडवत नाही. फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरतो, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि बघत राहतो. पाठीतली धग हळूहळू धारेकडं सरकते, तसे पोलादावर रंग उमटतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हा सगळा खेळ साधारण 200 ते 300 अंशांतला. हवा तो रंग धारेवर आला की कोयता परत पाण्यात. पिवळ्यावर थांबला तर धार कडक, निळ्यापर्यंत जाऊ दिला तर चिवट. इंग्रजीत टेंपरिंग म्हणतात ते या दुसऱ्या धगीला. तिनं पोलादाचा कडकपणा वाढत नाही, थोडा उतरतो. टेंपर ‘चढला’ म्हणणाऱ्यांची इथं अडचण होते.

मोबाईलवरच्या काचेची गोष्ट उलटी, तिथं टेंपरनं मजबुती वाढते. गाडीच्या बाजूच्या खिडकीची टेंपर्ड काच 600 अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतानं झटकन गार करतात. वरचा थर दाबात राहतो आणि आत ताण, त्यामुळं फुटली तरी तिचे बोथट खडे होतात. मोबाईलची काच पातळ, ती बहुधा पोटॅशियमच्या क्षारात ठेवून मजबूत करतात. तिच्या पाकिटावरचा ‘9एच’ बघून ‘हिऱ्याच्या खालोखाल’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो आकडा पेन्सिलीच्या कडकपणाचा आहे. हिऱ्याला 10 देणारी मोजपट्टी वेगळी, आणि वाळूचा कण या काचेवर आरामात चरा पाडतो.

मीटर ‘टॅंपर’ केलं, यातला टॅंपर हा टेंपरचाच सख्खा भाऊ, माती कालवता कालवता नको तिथं हात घालणारा. दिवाळीला भिंतीला लागणारा डिस्टेंपरही कालवण्यातूनच आलेला.

कुत्र्याच्या डिस्टेंपरबद्दलचा गैरसमज मात्र महागात पडू शकतो. डिस्टेंपर झालेलं कुत्रं म्हणजे पिसाळलेलं कुत्रं नव्हे. डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूच्या नात्यातला. नाका-डोळ्यांतून पाणी, ताप, जुलाब, पुढं झटके असा त्याचा क्रम. त्यावर लस आहे, माणसाला तो होत नाही. पण डिस्टेंपर आणि रेबीज या दोन्ही आजारांत कुत्रं विचित्र वागू शकतं आणि बघून फरक ओळखणं अवघड. म्हणून चावलं तर ‘डिस्टेंपरच असंल’ म्हणून घरी बसायचं नाही. जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची.

राहता राहिला खरोखरचा राग. तो काढून टाकला की माणूस मोकळा होतो, म्हणून उशी बडवा, आरडाओरड करा, असं सांगतात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 2002 साली हे तपासलं: ज्यानं राग आणला त्याला मनात आणून पिशवीवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. 2024 मध्ये सोफी केरविक आणि बुशमन यांनी 154 अभ्यास एकत्र मांडले, त्यातही तेच. अंगातली धग कमी करणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, कामी आले. डोकं फिरल्यावर ‘जरा पळून येतो’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं, की पळण्यानं राग उतरला नाही, उलट वाढलेला दिसला.