घरातला सोबती (७) : भुंकून मिळतं तरी काय?

मागच्या भागात पिल्लांच्या चावऱ्या वयाबद्दल लिहिलं होतं. आज सोसायट्यांमध्ये हमखास वाद पेटवणारा विषय घेऊ : सतत भुंकणं.

कुत्र्याने भुंकूच नये, ही अपेक्षा मुळात अन्यायाची. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या राखणीसाठी भुंकणाऱ्यालाच जवळ केलं. बीगल तर माग लागला की आवाज देणारा शिकारी कुत्रा. फ्लॅटमध्ये आणल्यावर त्याचा गळा बदलत नाही. विचार करायचा तो भुंकणं थांबतच नाही तेव्हा. याचं कारण दारावरच्या बेलपाशी स्पष्ट दिसतं.

बेल वाजते, कुत्रा दाराकडे झेपावतो आणि भुंकत सुटतो. पार्सलवाला पार्सल देतो, निघून जातो. तो जाणारच होता. पण कुत्र्याच्या लेखी आपण भुंकलो म्हणून परका पळाला. रोज हाच अनुभव, रोज विजय. वर आपण आतून ‘ए, गप्प!’ म्हणून ओरडतो. त्याने गोंधळ वाढतो, एवढंच.

म्हणून बेलचा अर्थच बदलायचा. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. घर शांत असताना अगदी हळू वाजवा आणि तो भुंकायच्या आत त्याच्या चटईवर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा टाका. आवाज हळूहळू वाढवत न्या. मध्येच भुंकला तर घाई झाली असं समजा आणि एक पायरी मागे या. पुढे शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी खरी बेल वाजवायला सांगा. रोज पाच मिनिटं पुरतात, पण खाडा नको.

ताटापाशी भुंकून मागणाऱ्याकडे मात्र दुर्लक्षच करायचं. सुरुवातीला भुंकणं वाढतं. नेमकं तेव्हाच कंटाळून पोळीचा तुकडा दिला, तर जास्त वेळ भुंकलं की मिळतं, हे तो पक्कं शिकतो. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगावं लागतं. एकाने जरी नियम मोडला तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते.

म्हातारा कुत्रा अचानक रात्री-अपरात्री भुंकू लागला, तर आधी पशुवैद्याकडे जा. दुखणं, कमी होत चाललेलं ऐकू येणं किंवा वयाने आलेला गोंधळ, यांपैकी काहीही असू शकतं.

विजेचा झटका देणारा पट्टा घेऊ नका. तो आवाज दाबतो, भीती मात्र वाढवतो. आणि भ्यालेला कुत्रा चावू शकतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण त्याच सूचना कुत्रा पाळणाऱ्यांना, विशेषतः रात्री, तो शांत राहील असे प्रयत्न करायला सांगतात.

पुढच्या आठवड्यात घरात एकटं राहिल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यांबद्दल. तोवर बाहेर पडताना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून जा आणि तुमच्यामागे तो नेमकं काय करतो, ते पाहून ठेवा.