लेखकनाम आणि वाचनसंकेत : रहस्यकथाकाराच्या विषयपरिवर्तनाचा विचार

एखादा लोकप्रिय रहस्यकथाकार आपला नेहमीचा प्रांत सोडून परक्या विषयात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या वाचकवर्गात जी अस्वस्थता उत्पन्न होते तिची मीमांसा सामान्यतः फार सुलभपणे केली जाते. वाचक हा सवयीचा दास असतो. त्याला तेच ते हवे असते. लेखकाची वाढ होते, वाचकाची होत नाही, असे म्हणून प्रश्न निकालात काढण्यात येतो. या मीमांसेत लेखकाचा गौरव होतो हे खरे. पण वाचकावर अन्याय होतो, आणि ज्या वस्तुस्थितीचा उलगडा करावयाचा तीच नीट पाहिली जात नाही. कारण वाचक सर्वच परिवर्तनांना सारखा विरोध करीत नाही. काही तो सहज पचवितो, काहींवर रुष्ट होतो, आणि काहींचा तर त्याला पत्ताही लागत नाही. हा भेद कशामुळे पडतो हे शोधावयास हवे.

या शोधासाठी अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांच्या लेखनाइतकी सोयीची सामग्री दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यांनी विषय बदलला आणि घाट तोच ठेवला. घाट बदलला आणि नावही बदलले. आणि उतारवयात घाट बदलूनही नाव तेच ठेवले. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा असा हा प्रयोग एकाच लेखिकेच्या हातून आपोआप घडून आलेला आहे.

प्रथम विषयबदलाचे उदाहरण घेऊ. 'डेथ कम्स ॲज दि एंड' ही कादंबरी अमेरिकेत १९४४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पॉयरो नाही, मिस मार्पल नाही, इंग्रज खेडे नाही, पोलीसही नाहीत. कथा घडते ती इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांच्या इजिप्तमध्ये, थीब्ज नगरीजवळ, मृतांच्या पूजेअर्चेची व्यवस्था पाहणाऱ्या एका पुरोहिताच्या कुटुंबात. ही कल्पना इजिप्तविद्येचे अभ्यासक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी सुचविली होती आणि तिच्या मुळाशी हेकानख्त नावाच्या एका प्राचीन गृहस्थाची उत्खननात सापडलेली खरीखुरी पत्रे होती. याहून अपरिचित विषय कोणता असावयाचा? तरीही ख्रिस्तीबाईंच्या वाचकांनी हे पुस्तक त्यांच्या रहस्यकथांच्या मालिकेतच बसविले, आणि आजही ते तेथेच छापले व वाचले जाते. घरात उपपत्नी येते, कुटुंब बिथरते, एकामागून एक मृत्यू होतात, आणि आप्तांपैकीच कोणीतरी अपराधी आहे हे वाचकाला उमगते. नाईलचा काठ परका असला तरी या पुस्तकाचे वाचन कसे करावयाचे हे त्याला पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असते.

'वाचन कसे करावयाचे' या शब्दांवर येथे थोडे थांबले पाहिजे. रहस्यकथेचा वाचक शब्दांचा अर्थ लावून थांबत नाही. तो प्रत्येक तपशिलाला साक्षीला बोलावतो. थांबलेले घड्याळ, अर्धवट जळालेले पत्र, मोलकरणीचे एखादे अनवधानाचे वाक्य, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीने अनुमानाचे साधन असते. आपल्याकडील न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर रहस्यकथेतील तपशील हा 'हेतू' असतो. धुरावरून अग्नी ओळखावा तसा त्यावरून अपराधी ओळखावयाचा असतो. चतुर लेखक मधूनमधून जे फसवे दुवे पेरतो ते म्हणजे हेत्वाभासच होत. वाचक हे जाणतो, किंबहुना या फसवणुकीसाठीच तो पुस्तक हाती घेतो. सामाजिक अथवा मनोविश्लेषणात्मक कादंबरीत हेच घड्याळ आणि हेच पत्र निराळे कार्य करतात. तेथे त्यांचे काम भाव जागविण्याचे, म्हणजे उद्दीपन विभावाचे असते. वाक्य एकच, शब्द तेच. पण ते कोणत्या रीतीने घ्यावयाचे याचा संकेत निराळा. लेखक-वाचकांमध्ये पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरून गेलेली ही जी रीत, तिला प्रस्तुत विवेचनापुरते 'वाचनसंकेत' असे म्हणता येईल. थीब्जच्या कथेत विषय बदलला, पण वाचनसंकेत अबाधित राहिला. म्हणून वाचक बुजला नाही.

आता घाट बदलला तेव्हा काय झाले ते पाहू. १९३० ते १९५६ या काळात ख्रिस्तीबाईंनी 'मेरी वेस्टमॅकॉट' या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत खून नाही, तपास नाही. 'जायंट्स ब्रेड' ही पहिली कादंबरी एका संगीतरचनाकाराची कहाणी आहे. त्यांतील कलादृष्ट्या सर्वांत सुघटित म्हणावी अशी 'ॲबसेंट इन द स्प्रिंग' (१९४४) त्यांनी अवघ्या तीन दिवसांत लिहून काढली. जोन स्कडमोर नावाची एक सुखवस्तू, आत्मसंतुष्ट इंग्रज गृहिणी बगदादहून मुलीला भेटून परत निघते आणि गाडी न आल्याने वाळवंटातील एका विश्रामगृहात अडकून पडते. जवळची पुस्तके वाचून संपतात, बोलावयास कोणी नाही. मग मन मागे वळते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर आपल्याला निरोप देऊन परत जाणाऱ्या पतीची चाल तिला आठवते. ती चाल विरहाने खचलेल्या माणसाची नव्हती; कारागृहातून सुटलेल्या माणसाची होती. या एका आठवणीवरून ती दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे जाते, आणि आपला संसार आपण समजत होतो तसा कधीच नव्हता हे तिच्या ध्यानात येते.

येथे एक गोष्ट मोठी कुतूहलाची आहे. व्हिक्टोरिया स्थानकावरील ती चाल हा, रचनेच्या दृष्टीने पाहता, अस्सल ख्रिस्ती पद्धतीचा दुवा आहे. क्षुल्लक वाटणारा, डोळ्यांसमोरून गेलेला, पण त्या वेळी अर्थ न लागलेला! जोन आपल्याच आयुष्याचा तपास करते. तपास करणारी आणि अपराधी एकच. म्हणजे लेखिकेचे कौशल्य बदललेले नाही. बदलले आहे ते फलित. रहस्यकथेत सत्य उघडकीस आले की जग पुन्हा सुस्थितीत येते. जोन मात्र घरी पोचते आणि गवसलेले सत्य मुकाट्याने बाजूस सारून पूर्वीसारखीच जगू लागते. पॉयरोच्या वाचकाला हे पुस्तक अपुरे वाटेल. शेवटचे प्रकरण छापावयाचे राहून गेले की काय, अशी शंकाही त्यास यावी. आणि त्याच्या संकेतानुसार ती शंका रास्तच आहे. 'ख्रिस्ती' हे नाव मुखपृष्ठावर असते तर त्याने पतीच्या त्या चालीवरून विषप्रयोगाची वाट पाहिली असती आणि त्या नादात जोनचे दुःख त्याच्या हातून निसटले असते. दुसऱ्या नावाने तो धोका टळला. कॉलिन्स या त्यांच्या नेहमीच्या प्रकाशकांना वेस्टमॅकॉटबद्दल फारसा उत्साह नव्हता. १९४८ पासूनच्या तिन्ही वेस्टमॅकॉट कादंबऱ्या हायनेमान यांच्याकडून निघाल्या.

टोपणनाव घेण्यामागे केवळ लपण्याचा हेतू असतो असे पुष्कळदा मानले जाते. वेस्टमॅकॉट प्रकरणात हे मत टिकत नाही. १९४९ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'मधून हे गुपित फुटले. लपणे एवढाच हेतू असता तर त्या दिवशी या नावाचे प्रयोजन संपले असते. प्रत्यक्षात १९५२ आणि १९५६ मध्ये आणखी दोन कादंबऱ्या त्याच नावाने आल्या. इतकेच नव्हे, तर पुरातत्त्वज्ञ पती मॅक्स मॅलोवन यांच्यासह सीरियातील उत्खननस्थळी काढलेल्या दिवसांचे प्रसन्न कथन (१९४६) आणि 'स्टार ओव्हर बेथलेहेम' हे ख्रिस्तजन्मविषयक पुस्तक (१९६५) ही दोन्ही 'अगाथा ख्रिस्ती मॅलोवन' या नावाने प्रसिद्ध झाली. या नावात लपविण्यासारखे काहीच नाही. फक्त एका शब्दाची भर घालून, हे पुस्तक निराळ्या रीतीने वाचावे, एवढी सूचना वाचकास दिलेली आहे. रूथ रेंडेल यांनी १९८६ पासून 'बार्बरा व्हाइन' हे दुसरे नाव घेतले तेही उघडपणेच. भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहता अशा ठिकाणी विशेषनामाचे कार्य पालटलेले असते. एरव्ही विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते. मुखपृष्ठावर आल्यानंतर ते हळूहळू वर्गाचा निर्देश करू लागते. 'एक ख्रिस्ती वाचावयास आण' असे म्हणणारा माणूस सामान्यनामच वापरीत असतो.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. राम गणेश गडकरी नाटकांना स्वतःचे नाव देत, कवितेला 'गोविंदाग्रज' आणि विनोदाला 'बाळकराम'. कवी कुसुमाग्रज आणि नाटककार वि. वा. शिरवाडकर एकच, हे ठाऊक असूनही दोन्ही नावे आजवर आपापल्या जागी सुखाने नांदत आहेत.

नावाची ही सोय ज्यांनी केली नाही त्यांच्या वाट्याला काय आले, याचे ठळक उदाहरण आर्थर कॉनन डॉइल यांचे. त्यांना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या होम्सकथांहून श्रेष्ठ वाटत, आणि त्यांसाठी सवड मिळावी म्हणून 'स्ट्रँड' मासिकाच्या डिसेंबर १८९३ च्या अंकात त्यांनी होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. एका बाईने तर पत्राच्या आरंभीच त्यांना पशू म्हटले, हे डॉइल यांनी स्वतःच नमूद केले आहे. परंतु हा क्षोभ ऐतिहासिक कादंबरीवर नव्हता. 'द व्हाइट कंपनी' १८९१ मध्येच आली होती आणि तिला वाचकही भरपूर लाभले. वाचकांनी नव्याचा तिरस्कार केला नाही. जुने हिरावून घेतल्याचा निषेध केला. या दोन गोष्टींची गल्लत टीकाकार नेहमी करतात. याउलट 'द लँड ऑफ मिस्ट' (१९२६) मध्ये डॉइल यांनी आपल्या प्रेतात्मवादाच्या प्रतिपादनासाठी प्राध्यापक चॅलेंजर या 'द लॉस्ट वर्ल्ड'मधील (१९१२) लोकप्रिय पात्रास राबविले. साहसकथेतला हा उग्र, संशयवादी शास्त्रज्ञ अखेरीस परलोकवादी होतो. येथे मात्र संकेताचा उघड भंग आहे. जुने पात्र दाखवून वाचकाला बोलावले आणि हाती प्रवचन दिले. चॅलेंजरकथांत हे पुस्तक सर्वांत दुबळे मानले जाते, त्याचे कारण प्रेतात्मवादापेक्षा या बोलावण्यात शोधावे लागेल.

डॉरोथी सेअर्स यांचे प्रकरण याहून नाजूक आहे. 'गॉडी नाइट' (१९३५) मध्ये नायक तोच, नायिका तीच, तपासही आहे; पण खून नाही. ऑक्सफर्डमधील एका कल्पित महिला महाविद्यालयात कोणी निनावी विखारी पत्रे पाठविते, आणि त्या निमित्ताने विद्येची निष्ठा व स्त्रीचा संसार यांतील द्वंद्वाची शेकडो पृष्ठे चर्चा चालते. वाचकांत सरळ दोन तट पडले. कित्येकांना हे पुस्तक लांबलचक व मंद वाटले, क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये 'स्क्रूटिनी'तून सेअर्स यांच्यावर कठोर टीका केली. आणि दुसऱ्या तटाने, विशेषतः सुशिक्षित स्त्रियांनी, त्याला त्यांच्या सर्व पुस्तकांहून वरचे स्थान दिले. येथे संकेत मोडलेला नाही, ताणलेला आहे. ज्याची त्याची ताण सोसण्याची शक्ती निराळी. सेअर्स यांना याची जाणीव असावी, कारण पुढच्याच कादंबरीला (१९३७) त्यांनी, ही मधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा आहे, अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले. ख्रिस्तीबाईंनीही ऐंशीव्या वर्षी लिहिलेल्या 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' (१९७०) या जागतिक कारस्थानाच्या कादंबरीला 'एक्स्ट्राव्हॅगन्झा', म्हणजे स्वैर कल्पनाविलास, असे उपनाव दिले आणि वर प्रस्तावनाही लिहिली. नाव मात्र तेच ठेवले. पुस्तक नावावर खपले आणि टीकाकारांनी ते झोडपले. मुखपृष्ठावरचे मोठे अक्षर एक सांगते आणि खालचे बारीक अक्षर दुसरे, तेव्हा वाचक मोठ्या अक्षराचेच ऐकतो.

येथवर 'लेखक' म्हणजे वाचकाच्या लेखी विशिष्ट वाचनसंकेत असे गृहीत धरले आहे. यावर असा आक्षेप येईल की लेखकाची शैली तर कोठेही लपत नाही. जाणता वाचक ती नावाशिवायही ओळखील. या आक्षेपाची परीक्षा २०१३ मध्ये अकल्पितपणे झाली. 'द कुकूज कॉलिंग' ही रॉबर्ट गॅलब्रेथ या अज्ञात लेखकाची रहस्यकथा त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली. परीक्षणे अनुकूल आली, खप बेताचा राहिला. जुलैमध्ये, पुन्हा 'संडे टाइम्स'नेच, तिची लेखिका जे. के. रोलिंग असल्याचे उघड केले. सुगावा लागल्यानंतर वृत्तपत्राने पॅट्रिक जुओला आणि पीटर मिलिकन या दोन अभ्यासकांकडून संगणकाच्या साहाय्याने भाषेची तपासणी करून घेतली होती. जुओला यांनी रोलिंग यांची 'द कॅज्युअल व्हेकन्सी' (२०१२) आणि पी. डी. जेम्स, रूथ रेंडेल व व्हॅल मॅकडर्मिड यांच्या कादंबऱ्या तुलनेस घेतल्या. आणि मोजले काय, तर शब्दांची लांबी, अत्यंत नित्याच्या शंभर शब्दांचे प्रमाण, शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि चार-चार अक्षरांचे गट. आशय, पात्रे, कथानक यांचा विचारच नव्हता. एकूण कल रोलिंग यांच्याकडे झुकला, आणि त्यांनी ते मान्य केले.

म्हणजे लेखकाचा भाषिक ठसा विषय बदलला तरी टिकतो, हे खरे. पण तो ज्या अव्ययांत आणि उपपदांत उमटतो तिकडे वाचकाचे लक्षच नसते. लक्षावधी वाचकांनी वर्षानुवर्षे ज्या लेखिकेची पुस्तके पारायण करून वाचली, तिलाच ते निराळ्या नावाखाली तीन महिने ओळखू शकले नाहीत. आणि नाव उघड होताच त्याच पुस्तकाच्या प्रतींसाठी झुंबड उडाली.

मराठीत असे मापन करून पाहण्यास गडकऱ्यांचे नाट्यगद्य आणि बाळकरामाचे विनोदी गद्य ही उत्तम सामग्री आहे. छंदाच्या बंधनामुळे गोविंदाग्रजांची कविता त्यातून वगळावी लागेल. इंग्रजीची रीत मात्र जशीच्या तशी उचलता येणार नाही. इंग्रजीत जे काम सुटी अव्यये करतात ते मराठीत बहुतांशी विभक्तिप्रत्यय आणि नामाला जोडून येणारी शब्दयोगी अव्यये करतात. तेव्हा सुटे शब्द मोजण्याऐवजी आधी पदे फोडून प्रत्यय मोजावे लागतील, आणि नाटकातील संवादांत पात्रागणिक बदलणारी बोली वेगळी काढावी लागेल.