इंजिन बदललं, आता बाकीची गाडी

एकेकाळी आपल्याकडे लोक पेट्रोलवरची अँबॅसिडर किंवा जीप गॅरेजात सोडायचे आणि तिच्यात मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवून घ्यायचे. पिकअप जायचा, आवाज वाढायचा, सिग्नलला उभ्या गाडीचं बॉनेट थरथरायचं. तक्रार मात्र कोणी करत नसे, कारण डिझेल स्वस्त होतं आणि गाडी पोटापाण्यासाठी रोज पळवायची होती. इंजिन का बदलायचं, हे त्या व्यवहारात आधी ठरलेलं असे. अमेरिकेतले हौशी लोक हाच उद्योग वेगळ्या कारणासाठी करतात. आठवडाभर ऑफिसला न्यायची गाडी रविवारी रेसट्रॅकवर पळवायची आणि सोमवारी सकाळी तिनेच पुन्हा कामावर जायचं. अशा गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन चढवलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती हॉर्सपॉवर?’ माझ्या मते तिथेच हिशोब चुकतो. ट्रॅकवर पळून रोजही वापरायच्या गाडीत नवं इंजिन घालायचं ते ताण कमी करायला; वेग ही वरकड कमाई.

या हौसेचं सर्वांत आवडतं गिऱ्हाईक म्हणजे माझदाची मियाटा. आपल्याला माझदा हे नाव ठाऊक आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. मियाटा मात्र १९८९ साली आलेली दोन सीटांची, उघड्या टपाची, चिमुकली गाडी. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन १.६ लिटरचं, ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर. वळणावर ती पाण्यातल्या माशासारखी फिरते, सरळ रस्त्यावर मात्र मोठ्या गाड्या तिला सहज मागे टाकतात. या गाडीत होंडाचं के-२४ हे २.४ लिटरचं इंजिन बसवण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. याच घराण्यातली इंजिनं भारतात विकल्या गेलेल्या अ‍ॅकॉर्ड आणि सीआर-व्हीमध्येही होती. होंडाच्या बऱ्याच जुन्या इंजिनांचा क्रँक इतर कंपन्यांच्या उलट दिशेला फिरायचा. त्यामुळे ती दुसऱ्याच्या गिअरबॉक्सला जोडली, तर गाडीला पुढे जायला एकच गिअर उरला असता आणि मागे जायला सगळे. के घराण्यात होंडाने ही दिशा बदलली आणि मियाटाच्याच गिअरबॉक्सला हे इंजिन जोडण्याची वाट मोकळी झाली. मधे एक जाड प्लेट लागते. तेलाचं चेंबर वेगळ्या आकाराचं घडवावं लागतं, फाउंडेशनही नवी लागतात. वजन फारसं वाढत नाही, कारण होंडाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि माझदाचा बिडाचा.

यावर ठरलेला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, मूळ इंजिनालाच टर्बो लावा. ताकद तेवढीच मिळते आणि खर्चही कमी. शर्यत एका फेरीची असती, तर हे मान्य केलं असतं. पण ट्रॅकवर एकेक पाळी साधारण वीस मिनिटांची असते आणि एवढा वेळ पाय पूर्ण दाबलेला ठेवल्यावर मियाटाचं एक जुनं दुखणं बाहेर येतं. तिचं इंजिन मुळात ३२३ नावाच्या, आडव्या इंजिनाच्या गाडीतून घेतलेलं. मियाटात ते उभं बसवताना कूलंट बाहेर पडण्याची वाट पुढच्या बाजूला आणली गेली, आणि पाणी आत शिरण्याची वाटही पुढेच होती. परिणामी मागच्या सिलिंडरांना थंडावा कमी पोचतो. शेतातल्या पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जाऊ नये, तसंच हे. रस्त्यावर कधी जाणवत नाही. टर्बो लावून ताकद दुपटीला नेली, की पहिला बळी सगळ्यांत मागच्या, चौथ्या सिलिंडरचा. उलट के-२४ची काही रूपं कंपनीतूनच दोनशे हॉर्सपॉवर देत बाहेर पडली, तीही कोणी वळणांवर पिदडणार म्हणून नव्हे, तर घरगुती गाड्यांसाठी. तेवढी ताकद हे इंजिन अंगाला लावून न घेता देतं, एसी चालू ठेवून गर्दीत तासभर शांत घुमतही राहतं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आता खरा खर्च. इंजिन बसलं की गाडी तयार झाली असं वाटतं. प्रत्यक्षात आता बाकीच्या गाडीची परीक्षा असते. टॉर्क १३५ न्यूटन मीटरवरून २२५ च्या घरात गेला, की सुरुवातीच्या मियाटाचं लहान डिफरन्शिअल तग धरत नाही. १९९४ नंतरचं मोठं शोधावं लागतं. लांब वळणावर चेंबरमधलं तेल एका कडेला चढतं आणि पंप हवा ओढू लागतो, म्हणून चेंबरच्या आत पत्र्याचे आडोसे हवेत. पण सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते ब्रेक. चालकासह अकराशे किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणताना डिस्कमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर अडीच लिटर गार पाणी उकळेल. वीस-पंचवीस कप चहा, तोही एका वळणाआधी, काही सेकंदांत! नव्या इंजिनामुळे तोच वेग १६० ऐवजी २०० झाला, तर वेग सव्वापट वाढतो, पण गाडीतली ऊर्जा दीडपटीच्या पुढे जाते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफ धरते आणि पॅडल फळीपर्यंत जातं. यावर ट्रॅकचे पॅड घालावेत, तर तेच पॅड सोमवारी सकाळी थंड असताना नीट धरत नाहीत, वर कर्कश ओरडतात. म्हणून जाणती मंडळी शनिवारी रात्री पॅड बदलतात आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा जुने चढवतात. हे कंटाळवाणं काम ज्याला जमणार नाही, त्याने दोनशे हॉर्सपॉवरच्या फंदात पडू नये.

मग दोन गाड्या का ठेवू नयेत? एक रोजची, एक ट्रॅकची, ट्रेलरवर लादून न्यायची. पैसा आणि जागा असेल त्याने जरूर ठेवाव्यात. पण रोज वापरण्याचा एक फायदा असा की गाडी सतत बोलत राहते. ट्रॅकवर कूलंटची नळी फुटायच्या कितीतरी दिवस आधी पार्किंगमध्ये हिरवा थेंब दिसतो. वायरिंगचा सैल जोड पावसात आधी कुरकुरतो. महिनोन्महिने झाकून ठेवलेली गाडी हे दुखणं थेट तिसऱ्या फेरीला सांगते.

‘रोजची’ या शब्दात कायदाही येतो. कॅलिफोर्नियात बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्याहून नवं असावं लागतं, त्याची धूर आवरणारी सगळी सामग्री सोबत बसवावी लागते आणि सरकारी रेफरीकडून गाडी पास करून घ्यावी लागते. भारतात दार जवळजवळ बंदच आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा अर्थ असा की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. सीएनजी किटसारखी परवानगीची मोजकी वाट सोडून. म्हणजे परक्या कंपनीचं इंजिन घातलेली गाडी इथे निव्वळ ट्रॅकचीच राहते आणि कोइम्बतूरच्या करी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ती ट्रेलरवरूनच न्यावी लागते. इथल्या हौशी माणसाच्या हातात उरतं ते मूळ इंजिन धडधाकट ठेवणं, चांगले टायर, ताजं ब्रेक तेल आणि शनिवारी रात्रीचा तो पाना.