फीतकृमी आणि अपस्मार

अपस्माराच्या रोग्यास आकडी आली म्हणजे त्याच्या नाकाशी कांदा किंवा पादत्राण धरण्याची चाल अद्याप काही ठिकाणी दिसते. या झटक्यांचे मूळ पुष्कळदा मेंदूत शिरलेल्या एका कृमीच्या अळीत असते, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही. हा कृमी म्हणजे डुकराच्या मांसातून माणसात येणारा फीतकृमी होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मेंदूत अशा अळ्या असलेल्या लोकांची संख्या जगात २५ लाख ६० हजार ते ८३ लाखांच्या दरम्यान आहे. ज्या प्रदेशांत हा रोग ठाण मांडून आहे, तेथील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रोग्यांत तोच कारणीभूत असतो. तमिळनाडूतील वेल्लोर जिल्ह्यात सुमारे ५० हजार लोकांची पाहणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दर हजारी जवळजवळ ४ जणांना अपस्मार होता व त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रोग्यांत त्याचे मूळ या कृमीत होते.

मांसाहार न करणाऱ्यांना याची भीती नाही, हा समज चुकीचा आहे. अर्धेकच्चे, अळीयुक्त मांस खाल्ल्याने आतड्यात कित्येक फूट लांबीचा कृमी वाढतो. त्याचा त्रास बहुधा जाणवतही नाही. परंतु त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची हजारो अंडी बाहेर पडतात. न धुतलेले हात, उघड्यावरील शौच, मैलापाण्यावर पिकविलेली भाजी यांवाटे ती अंडी ज्याच्या पोटात जातात, त्याच्या मेंदूत अळ्या शिरू शकतात. मग तो शाकाहारी असो वा नसो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांतील असे रोगी नोंदले गेले. डुकराचे मांस या समाजात निषिद्ध. संसर्ग बहुधा घरात स्वयंपाकास असलेल्या, रोगग्रस्त प्रदेशांतून आलेल्या व्यक्तींकडून पोहोचला होता.

अळी मेंदूत वर्षानुवर्षे निमूट राहते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि झटके सुरू होतात. आपल्याकडे सीटी स्कॅनवर दिसणारे असे लहान ठिपके पूर्वी क्षयाच्या गाठी मानले जात व रोग्यास महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सकांनी १९८०च्या दशकाअखेरीस अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेकांत अळीच आढळली.

उपचार आहेत; पण ते वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवेत, कारण कृमिनाशक औषधाने मेंदूतील अळी मरताना सूज वाढून झटके बळावू शकतात. शाळांतून वाटली जाणारी जंताची एकच गोळी मुख्यतः गोलकृमी व अंकुशकृमींसाठी असते. फीतकृमीचा बंदोबस्त तिच्यावर सोपवता येत नाही. डुकरांसाठी लसही उपलब्ध आहे. तथापि गावपातळीवर अधिक हाताशी असलेली कामे म्हणजे शौचालयांचा प्रत्यक्ष वापर, डुकरांना मोकाट न सोडता बंदिस्त ठेवणे आणि मांस आतपर्यंत शिजविणे. यांपैकी पहिली दोन ग्रामपंचायतीच्या कक्षेत येतात, आणि अडचण नेमकी दुसऱ्यात असते: मोकाट डुकरे गावाची घाण फुकटात खाऊन वाढतात, तर बंदिस्त डुकरांना चारा विकत घालावा लागतो. त्यांच्या मालकांना हा खर्च एकट्याने पेलवणारा नसतो.